इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं? सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

मी सोलापुरात इंग्रजी शिकवते. व्याकरणापेक्षा जास्त प्रश्न मला शब्दांबद्दल येतात. हा शब्द आला कुठून, आपल्या शब्दासारखा का वाटतो, फोनवर फिरणारी ही गोष्ट खरी का? विचारणाऱ्यांत दहावीची मुलं आहेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आहेत, अक्कलकोट रोडला माग चालवणारे आहेत आणि नातवंडांचा अभ्यास घेणारे आजी-आजोबाही आहेत. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. उदाहरणं जमेल तिथे कापडाची घेतली आहेत. चौकडी, ताणा, धोटा हे शब्द या गावात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

१. शब्दाचं मूळ शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आजच्या शब्दापासून एकेक पायरी मागे जायचं. प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी तपासायच्या. पहिली म्हणजे काळ: हा शब्द लिहिलेला सर्वांत जुना पुरावा कधीचा आहे? दुसरी म्हणजे ध्वनी: एका रूपातून दुसरं रूप होताना जे अक्षर बदललं, तसंच त्या भाषेतल्या इतर शब्दांतही बदललं आहे का? तिसरी म्हणजे अर्थ: जुन्या अर्थावरून नव्या अर्थावर माणसं कशी आली असतील हे सांगता येतं का?

तिन्ही जमलं तर पायरी पक्की. एक जरी निसटलं तरी थांबायचं. बहुतेक चुका पायऱ्या गाळल्यामुळे होतात. इंग्रजी शब्द उचलायचा आणि थेट संस्कृतात उडी मारायची, मधल्या फ्रेंच, लॅटिन, अरबी, फारसी मुक्कामांकडे बघायचंच नाही, ही सवय आधी मोडावी लागते.

एक लक्षात ठेवा. पहिल्या लेखी पुराव्याचं साल ही शब्दाची जन्मतारीख नव्हे. माणसं शब्द आधी बोलतात, कागदावर तो पुष्कळ उशिरा येतो.

२. सुरुवात कोणत्या कोशापासून करू? माझ्याकडे फक्त मोबाइल आहे.

मोबाइल पुरेसा आहे. डग्लस हार्पर यांची ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे आणि नवशिक्याला तीच सोपी जाते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी सर्वांत सविस्तर. तिचा पहिला भाग १८८४ साली निघाला, काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं, आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे देण्याची शिस्त तिने घालून दिली. भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा १८८६चा हॉब्सन-जॉब्सन बघा. मराठीच्या बाजूने मोल्सवर्थ (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७), आणि संस्कृत-प्राकृतापासून मराठीपर्यंतची वाट बघायला टर्नर यांचा तौलनिक कोश. हॉब्सन-जॉब्सन, मोल्सवर्थ आणि टर्नर हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात.

कोशात एखाद्या रूपाआधी * अशी चांदणी दिसली तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी बहिणभाषांची तुलना करून ते बांधलं आहे, असं समजायचं. चांदणीकडे दुर्लक्ष करू नका.

३. एखादा शब्द घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

वर्गात मी नेहमी चादरीवरच्या ‘चेक्स’पासून सुरुवात करते.

चौकडीच्या नक्षीला इंग्रजीत ‘चेक’ म्हणतात. हे ‘चेकर’ या लांब शब्दाचं आखूड झालेलं रूप. ‘चेकर’ आला जुन्या फ्रेंचमधल्या ‘एशेकिए’वरून, आणि त्याचा अर्थ बुद्धिबळाचा पट. चौकडीचं कापड पटासारखं दिसतं, म्हणून नाव कापडाला चिकटलं. इथवर अर्थाची पायरी डोळ्यांना दिसते.

आणखी मागे गेलं की मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काक्कुस’ भेटतो, त्यामागे अरबी ‘शाह’, आणि त्यामागे फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. आपण बुद्धिबळात ‘शह’ देतो तो हाच. युरोपात गेल्यावर लोकांनी त्या खेळाला त्यातल्या राजाचंच नाव दिलं, इंग्रजी ‘चेस’ही तिथलाच. गंमत अशी की फारसी-अरबीत खेळाचं मूळ भारतीय नाव टिकलं: संस्कृत ‘चतुरंग’, फारसी ‘चतरंग’, अरबी ‘शतरंज’. म्हणजे खेळ एकच, पण पूर्वेकडे तो सैन्याच्या चार अंगांवरून ओळखला गेला आणि पश्चिमेकडे राजावरून.

फारसी ‘शाह’च्या मागे प्राचीन फारसीतला ‘ख्शायथिय’ आहे. आपल्या ‘क्षत्र’ शब्दातला धातू त्याचा सख्खा भाऊ. इथे मुलं लगेच म्हणतात, “म्हणजे चेक्स संस्कृतातून आला.” नाही. ‘क्षत्र’ आणि ‘शाह’ एकाच घरातले आहेत, पण एकातून दुसरा निघालेला नाही. हा फरक प्रश्न ४ मध्ये उलगडला आहे.

याच ‘चेक’चे आणखी दोन फाटे सांगते. बुद्धिबळात शह मिळाला की राजाला अडायला होतं, म्हणून ‘चेक’ म्हणजे अडवणं, मग तपासणं. बँकेचा चेक हा त्या तपासणीचा: अठराव्या शतकात व्यवहार पडताळण्यासाठी ठेवलेल्या स्थळप्रतीला हे नाव होतं. दुसरा फाटा इंग्लंडच्या खजिन्याचा, म्हणजे ‘एक्सचेकर’चा. बाराव्या शतकात तिथे रेघांनी चौकटी पाडलेलं कापड टेबलावर अंथरून, त्या घरांत सोंगट्या मांडून हिशेब करत. कापडावरून खात्याचं नाव पडलं.

शेवटी एक अपवाद. ‘चेकमेट’चा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास दिला जातो, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे मेला. फारसीतल्या ‘मात’चा अर्थ मात्र हतबल, पेचात सापडलेला. खेळात राजाला कधी मारत नाहीत, कोंडतात. मला फारसी अर्थ पटतो.

४. फादर-पितर, मदर-मातर. म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच आली ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि मनापासून येतो, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

१७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातली साम्यं इतकी खोल आहेत की या भाषा एकाच, कदाचित आता नष्ट झालेल्या, मूळ भाषेतून आल्या असाव्यात. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेची, तीही याच कुळातली. म्हणजे संस्कृत ही इंग्रजीची आई नसून फार मान्यवर, फार जुनी नोंद असलेली मावशी.

याला पुरावा काय? नियमित ध्वनिबदल. १८२२ साली याकोब ग्रिम यांनी ते सूत्ररूपात मांडले. संस्कृतात आणि लॅटिनमध्ये जिथे ‘प’ आहे तिथे इंग्रजीत ‘फ’ येतो: पितृ आणि फादर, पद आणि फूट. जिथे ‘त’ तिथे ‘थ’: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन. जिथे ‘द’ तिथे ‘ट’: दश आणि टेन, द्वि आणि टू, दंत आणि टूथ. मूळच्या ‘क’चा संस्कृतात काही ठिकाणी ‘श’ झाला आणि इंग्रजीत ‘ह’, म्हणून शत आणि हंड्रेड, श्वान आणि हाउंड. एखाददुसरं साम्य योगायोग असू शकतं. पण ओळीने, घरातल्या रोजच्या शब्दांत, एकाच पद्धतीने अक्षरं बदलली असतील तर तो रक्ताचा संबंध.

आता खरी मेख. ‘टूथ’ आणि ‘डेंटल’ दोन्ही शब्द इंग्रजीत आहेत, दोन्ही आपल्या ‘दंत’चे नातलग. पण ‘टूथ’मध्ये ‘द’चा ‘ट’ झालेला आहे, म्हणजे तो इंग्रजीच्या घरी वाढला. ‘डेंटल’मध्ये ‘ड’ तसाच आहे, म्हणजे तो पुढे लॅटिनमधून उसना आणला. नुसत्या एका अक्षरावरून घरचा शब्द कोणता आणि पाहुणा कोणता ते कळतं. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मला रात्री उशिरापर्यंत झोप आली नव्हती.

संस्कृतातून निघून खरोखर इंग्रजीपर्यंत पोहोचलेले शब्दही आहेत, पण ते असे मुक्काम करत गेले. प्रश्न १० मधली साखर बघा.

५. दोन शब्द ऐकायला सारखे आणि अर्थही तोच. मग मूळ एकच असणार की?

असेलच असं नाही. इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसी ‘बद’ (आपल्या बदनाम, बदमाशमधला) हे दोन्ही ‘वाईट’ या अर्थाचे, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. टेलरकाका ‘कातर’ आणि ‘कटर’ एकच समजतात. ‘कातर’ संस्कृत ‘कर्तरी’वरून आला. इंग्रजी ‘कट’ त्या धातूपासून आलेला नाही, प्रश्न ४ मधल्या नियमांप्रमाणे आरंभीच्या ‘क’चा तिथे ‘ह’ व्हायला हवा होता.

‘दिवस’ आणि ‘डे’ ही जोडी तर फारच फसवी. ‘दिवस’चा नातलग लॅटिनमधला ‘दिएस’, ज्यावरून ‘डायरी’ आली. ‘डे’चं मूळ वेगळं.

आणि उलटही होतं. शब्द अजिबात सारखे वाटत नाहीत पण मूळ एकच. ‘शाह’ आणि ‘चेक’ आत्ताच पाहिले.

६. आजी ‘टुवाल’ म्हणते, हिंदीत ‘तौलिया’, दुकानात ‘टॉवेल’. बरोबर कोणतं?

तिन्ही. इंग्रजी ‘टॉवेल’ तेराव्या शतकात जुन्या फ्रेंच ‘तोआय्’वरून आला. ती फ्रेंचांची मूळ दौलत नव्हती, त्यांनी तो जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतला होता. त्यातल्या धातूचा अर्थ ‘धुणं’. म्हणजे टॉवेल हे मुळात पुसण्याचं नव्हे, धुण्याशी जोडलेलं फडकं. तोच शब्द पोर्तुगीजमध्ये ‘तोआल्या’ झाला आणि पोर्तुगीजांबरोबर भारतात उतरला, त्याचा हिंदीत ‘तौलिया’. एकाच शब्दाच्या दोन लेकी, एक पोर्तुगीज गलबतातून आली आणि दुसरी इंग्रजांबरोबर. सोलापुरात तयार होणाऱ्या गठ्ठ्यांवर कधी ‘टॉवेल’ छापलेलं असतं तर कधी ‘तौलिया’, तेव्हा या दोघी शेजारीशेजारी बसलेल्या असतात.

‘चादर’ मात्र फारसी. इंग्रजीत ‘चादोर’ म्हणून गेला तोही हाच.

७. मागावरच्या इंग्रजी शब्दांचं मूळ सांगा. लूम, शटल, टेक्स्टाइल.

‘लूम’ जुन्या इंग्रजीत कोणत्याही अवजाराला म्हणत. ‘एअरलूम’, म्हणजे वाडवडिलांकडून आलेली वस्तू, या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पुढे अवजारांतलं एकच नाव घेऊन बसलं: माग.

‘शटल’ म्हणजे आपला धोटा. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ बाण किंवा भाला, आणि ‘शूट’ त्याचा भाऊ. ज्यांनी धोटा इकडून तिकडे सुटताना पाहिला आहे त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. शटल ट्रेन, बॅडमिंटनचं शटल, सगळी त्या ये-जा करणाऱ्या धोट्याची लेकरं. उभ्या धाग्यांना इंग्रजीत ‘वॉर्प’ म्हणतात, तो ‘फेकणं’ या क्रियापदावरून. आडव्याला ‘वेफ्ट’, तो ‘वीव्ह’, म्हणजे विणणं, यावरून. आपला ‘ताणा’ ‘तन्’ धातूचा: ताणणं. याच मूळ कुळातले इंग्रजी ‘थिन’ आणि लॅटिनमार्गे आलेला ‘टेन्शन’. पहिल्यात ‘थ’ आहे आणि दुसऱ्यात ‘ट’, म्हणजे घरचा कोण आणि पाहुणा कोण ते तुम्हीच सांगा.

‘टेक्स्टाइल’ लॅटिन ‘तेक्सेरे’वरून, अर्थ विणणं. आणि ‘टेक्स्ट’ही त्याचाच. रोमन लोकांना लिहिलेला मजकूर विणलेल्या कापडासारखा वाटला. ‘टिश्यू’ तिथलाच, फ्रेंचमधून फिरून आलेला. संस्कृतात ‘तक्ष्’ हा त्याचा नातलग सुतारकामात गेला. पण मजकूर आणि धागा यांची सांगड आपल्याकडेही आहेच, वेगळ्या शब्दांनी: ‘सूत्र’ म्हणजे दोरा आणि तेच शास्त्राचं वाक्य, ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेलं, बांधलेलं. दोन संस्कृतींनी एकमेकींना न विचारता एकच उपमा निवडली. ज्या गावाचं पोट मागावर चालतं तिथल्या मुलांना हे शाळेत कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

८. आमच्या घरी तेलुगू बोलतात. आमच्या भाषेतून काही गेलंय का इंग्रजीत?

गेलंय, आणि ते ओळखायला तुमच्यासारखा कान दुसऱ्या कुणाकडे नाही. इंग्रजीत ‘बँडिकूट’ नावाचा प्राणी आहे. मराठीत आपण त्याला घूस म्हणतो. कोशात मूळ दिलंय तेलुगू ‘पंदिकोक्कु’. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. डुकरासारखा उंदीर! पूर्व भागातल्या एका मुलीने वर्गात हा शब्द कोश उघडण्याआधीच फोडून दाखवला होता. पुढे हेच नाव ऑस्ट्रेलियातल्या एका वेगळ्याच, पिशवीत पिल्लं वाढवणाऱ्या प्राण्याला मिळालं, केवळ दिसण्यातल्या साम्यामुळे.

दुसरा शब्द ‘मंगूस’. इंग्रजी कोश सांगतात की तो मराठी ‘मुंगूस’वरून आला, सतराव्या शतकात. पण मराठीच्या मागे द्रविड भाषा आहेत: कन्नड ‘मुंगुसि’, तेलुगू ‘मुंगिस’. संस्कृतात या प्राण्याला ‘नकुल’ म्हणतात, म्हणजे मराठीने हा शब्द शेजारणींकडून घेतला. सोलापुरात एकाच गल्लीत तिन्ही रूपं कानावर पडतात. इंग्रजांनी शेवटी ‘गूस’ लिहिलं खरं, पण त्याचा हंसाशी संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगूसेस’ होतं, ‘मंगीस’ नव्हे. हा प्रश्न परीक्षेत येतो.

९. मग खास मराठीतून गेलेले शब्द कोणते?

मुंगूस वर आलाच. ‘डंगरी’ हा कामगारांचा जाडाभरडा पोशाख मुंबईच्या डोंगरीवरून, तिथे विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडाला ते नाव होतं. ‘बमलो’ म्हणजे आपला बोंबील. ‘गनी बॅग’मधली ‘गनी’ म्हणजे गोणी. हा शब्द मराठी आणि हिंदीत दोन्हीकडे आहे, मूळ संस्कृत ‘गोणी’, तेव्हा एकट्या मराठीचा हक्क सांगता येणार नाही. बाजार समितीत हमाल ‘गोणी’ म्हणतात आणि पावतीवर ‘गनी बॅग’ लिहिलेलं असतं. शब्द परदेश फिरून परत आला आणि त्याच पोत्यावर बसला.

१०. शुगर आणि साखर यांचा संबंध आहे का?

आहे, आणि इथे खरोखर एकातून दुसरा निघाला. संस्कृत ‘शर्करा’ हा मूळ शब्द, अर्थ खडा, कंकर, आणि मग दाणेदार साखर. त्याची एक वाट घरातच राहिली: प्राकृतात ‘सक्खरा’, मराठीत ‘साखर’. जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबला, जसा ‘हत्थ’चा हात आणि ‘सत्त’चा सात. दुसरी वाट पश्चिमेकडे गेली: फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन ‘सुक्कारुम’, जुनी फ्रेंच ‘सुक्र’, इंग्रजी ‘शुगर’. माल ज्या व्यापाऱ्यांच्या हातून गेला त्यांच्या भाषांचे शिक्के शब्दावर बसत गेले.

तिसरी वाट ग्रीकमध्ये ‘साक्खारोन’ झाली, तिच्यावरून ‘सॅकरिन’. चौथी दक्षिणेतून: मलयाळममधलं रूप पोर्तुगीजांनी ‘जागरा’ केलं आणि इंग्रजीत गुळाला ‘जॅगरी’ नाव मिळालं. म्हणजे गूळ, साखर आणि मधुमेह्याच्या डबीतली गोळी, तिघांची नावं एका शर्करेतून. ‘कँडी’ वेगळा, तो ‘खंड’वरून, फारसी ‘कंद’ आणि अरबी ‘कंदी’ या मार्गाने. साखर पेठेत राहणाऱ्या एका आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सगळी वाट कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतली.

११. मुलगी आठवीत आहे. प्रकल्पासाठी एखादा सोपा पण चांगला शब्द सुचवा.

नॅपकिन. लॅटिन ‘माप्पा’ म्हणजे हात पुसायचं कापड. फ्रेंचमध्ये ‘म’चा ‘न’ होऊन ‘नाप’ झालं. त्याला ‘लहान’ या अर्थाचा इंग्रजी शेपूट लागून ‘नॅपकिन’. त्याच ‘नाप’वरून ‘नॅप्रन’ आला, आणि ‘अ नॅप्रन’ भरभर म्हणताना लोकांनी तोडायची जागा चुकवली: ‘ॲन ॲप्रन’. ‘न’ आधीच्या शब्दात गेला तो गेलाच. आणि ‘मॅप’? जगाचा नकाशा ज्यावर काढायचे त्याला लॅटिनमध्ये ‘माप्पा मुंदी’ म्हणत, जगाचं कापड. नॅपकिन, ॲप्रन आणि नकाशा तिघे भावंडं. तक्त्यावर खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवता येतील.

यात एक सापळा आहे. ‘ऑरेंज’चा ‘न’ही असाच इंग्रजीत गळला असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते चूक. संस्कृत ‘नारंग’ (त्यामागे द्रविड मूळ मानतात), फारसी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, इथवर ‘न’ शाबूत आहे. तो युरोपात, फ्रेंच-इटालियनच्या मुलखात गळला, इंग्रजीत शब्द आला तेव्हाच बिनानकाराचा होता. मुलीने हे वाक्य तक्त्यावर घातलं तर परीक्षकांना नक्की थांबावं लागेल.

१२. शाम्पू हिंदी शब्द आहे म्हणतात. पण हिंदीत तर असा शब्दच नाही.

‘चाँपना’ म्हणजे दाबणं, चेपणं. ‘चाँपो’ हे त्याचं आज्ञार्थी रूप. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘शाम्पू’ म्हणजे अंग रगडून, चेपून देणं, केसांचा काही संबंध नव्हता. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद (१७५९–१८५१) यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटनला वाफेच्या स्नानाबरोबर ही चंपी सुरू केली आणि तिथल्या बड्या लोकांत ती गाजली. पुढे डोकं चोळून धुणं, आणि मग ज्याने धुवायचं ते द्रावण, असा अर्थ सरकत गेला. ध्वनी जुळतो पण आजचा अर्थ जुळत नाही, असं दिसलं की मधल्या काळातले उतारे वाचायचे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

१३. न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, हे खरं का? टिप, पॉश यांचंही असंच आलं होतं फोनवर.

खरं नाही. ‘न्यूज’ हे ‘न्यू’चं अनेकवचन: नव्या गोष्टी. काही शतकांपूर्वी त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘ई’ आणि ‘एस’ शेवटी येत (newes), चार दिशा त्यात बसतच नाहीत. आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली, म्हणून त्याआधीच्या कोणत्याही शब्दाची अशी फोड आली की संशय घ्यायचा. ‘टिप’ म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ अशी फोड फिरते, पण शब्द त्याहून कितीतरी जुना. ‘पॉश’ म्हणजे जहाजाच्या तिकिटावरचं ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डाव्या, येताना उजव्या बाजूची खोली), ही गोष्ट मी स्वतः काही वर्षं वर्गात सांगत होते. तशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही, हे वाचल्यावर पुढच्या तासाला मुलांना सांगून दुरुस्त केलं.

अशा गोष्टी घरच्या नावाबद्दलही असतात. सोळा गावांचं मिळून सोलापूर, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांना कन्नड वचनपरंपरा ‘सोन्नलिगेचे सिद्धराम’ म्हणते. गावाचं जुनं नाव सोन्नलिगे. सोळाची गोष्ट कानाला गोड लागते, पण जुन्या नावात सोळा कुठेच नाही.

१४. ब्लँकेट हे विणकराचं आडनाव होतं ना? जॅकार्डसारखं?

जॅकार्ड बरोबर, ब्लँकेट चूक. जोझेफ मारी जाकार (१७५२–१८३४) हे फ्रान्समधल्या लियों शहराचे. छिद्रांच्या पत्त्यांनी नक्षी विणणाऱ्या त्यांच्या यंत्रावरूनच आपल्या चादरींवरच्या मोर-फुलांना जॅकार्ड म्हणतात. ‘मर्सराइज्ड’ सूत जॉन मर्सर यांच्यावरून. गावांवरूनही नावं पडली: कॅलिको कालिकतवरून, जीन्स जिनोआवरून, डेनिम फ्रान्समधल्या नीम गावावरून.

ब्रिस्टलमध्ये चौदाव्या शतकात टॉमस ब्लँकेट नावाचा कापडवाला होता, पण ‘ब्लँकेट’ शब्द त्याच्या आधीपासून वापरात होता. काळाची पायरी (प्रश्न १) इथे गोष्टीला पाडते. शब्द आला फ्रेंच ‘ब्लां’ म्हणजे पांढरा यावरून: न रंगवलेलं लोकरी कापड. ‘ब्लँक’ कागदही तोच. आणि आपल्याकडे? न धुतलेलं कापड कोरं, न लिहिलेला कागदही कोरा. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

१५. ‘कॅश’ला कोशात दोन वेगळी मुळं दिली आहेत. छपाईची चूक आहे का?

चूक नाही, दोन वेगळे शब्द आहेत. रोख रक्कम या अर्थाचा ‘कॅश’ लॅटिन ‘काप्सा’, म्हणजे पेटी, यावरून इटालियन-फ्रेंचमार्गे आला. आधी पैशाची पेटी, मग पेटीतला पैसा. दुसरा ‘कॅश’ म्हणजे दक्षिण भारतातलं आणि पूर्वेकडचं एक लहान नाणं, तो तमिळ ‘कासु’वरून पोर्तुगीजमार्गे. कन्नड आणि तेलुगूतही ‘कासु’ आहे. ज्यांच्या घरी कासुल पेरू, म्हणजे नाण्यांचा हार आहे, त्यांच्याकडे तो दुसरा शब्द दागिन्यात ओवलेला आहे. अर्थ जवळ, स्पेलिंग एक, तरी घरं दोन.

१६. कोशात ‘मूळ अज्ञात’ लिहिलं असेल तर?

तर तेच लिहून घ्यायचं. ‘डॉग’सारख्या साध्या शब्दाचं मूळ अज्ञात आहे. इंग्रजीत कुत्र्याचा जुना शब्द ‘हाउंड’, आणि मध्येच ‘डॉग’ आला आणि त्याने जागा घेतली. ‘बॉबिन’ फ्रेंचमधून आला एवढंच ठाऊक, पुढे अंधार. परीक्षेत अशा जागी अंदाज ठोकून देऊ नका.

१७. आमच्या कारखान्यात इंग्रजी शब्दांची वेगळीच रूपं बोलतात. ती चुकीची म्हणायची का?

अजिबात नाही. ‘नॅप्रन’चा ‘ॲप्रन’ ज्यांनी केला ती अशीच कामाच्या घाईत बोलणारी माणसं होती. तुमच्या मागाजवळची रूपं ही पुढच्या अभ्यासकाची पहिली पायरी आहे आणि ती कुठल्याच कोशात नाही. मला शब्द पाठवताना नुसता शब्द पाठवू नका. कोण बोलतं, त्यांच्या घरची भाषा कोणती, कोणत्या वाक्यात बोलले, कोणत्या वस्तूला उद्देशून, आणि तारीख, एवढं त्याच कागदावर लिहा. जुन्या माणसांकडून ऐकलं असेल तर त्यांनी ते कुणाकडून उचललं, हेही विचारून घ्या.